पुण्यात नवीन आहात आणि दिवस गेलेत? डॉक्टर आणि हॉस्पिटल असं निवडा

माझ्या पहिल्या बाळंतपणाचं हॉस्पिटल आम्ही खोली बघून निवडलं होतं. परभणीहून पुण्यात येऊन दीड वर्ष झालं होतं, वाकडला भाड्यानं राहत होतो, हक्कानं विचारावं असं कोणी नव्हतं. हॉस्पिटल घरापासून दहा मिनिटांवर. खोली स्वच्छ, खिडकीतून गुलमोहर दिसायचा, डॉक्टर मॅडम बोलायला गोड. लगेच नाव नोंदवून टाकलं.

छत्तिसाव्या आठवड्यात रात्री कळा सुरू झाल्या. पहाटे पावणेतीनला मुलगी झाली. ती रडली, पण कण्हल्यासारखी. श्वास घेताना छाती आत ओढली जात होती. बाळाचे डॉक्टर घरून यायला पन्नास मिनिटं लागली. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "हिला एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, लागेल. आपल्याकडे ती सोय नाही." मग गाडीसाठी फोनाफोनी. नवरा बाळाबरोबर गेला आणि मी टाक्यांसकट तिथेच राहिले. शेजारी रिकामा पाळणा, त्यात सासूबाईंनी विणलेलं पिवळं टोपडं. दर तीन तासांनी मी चीक काढायचे आणि दीर ती एवढीशी डबी घेऊन दुसऱ्या हॉस्पिटलात पळायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुट्टी मिळाली तेव्हा मी रिक्षानं थेट तिकडे गेले. आपल्या लेकीचा चेहरा मी नीट पाहिला तो तेव्हा, काचेच्या पेटीत.

मुलगी आता शाळेत जाते, ठणठणीत आहे. पण त्या रात्रीनंतर ऑफिसातल्या, सोसायटीतल्या कितीतरी जणींबरोबर मी हॉस्पिटलं बघायला गेले आहे. मी डॉक्टर नाही. तपासणी, औषधं, निदान हे तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं. पण निवडताना काय बघायचं आणि कुणाला काय विचारायचं, हे अनुभवानं कळतं. मी प्रत्येकीला एक प्रश्न पाठ करून घ्यायला लावते: रात्री दोन वाजता इथे कोण असतं? बाळंतपणाला दिवस-रात्र कळत नाही. दिवसा सगळीच हॉस्पिटलं छान दिसतात.

पायरी १: पुण्यात की माहेरी, हे आधी ठरवा

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. माझी आई फोनवर रोज म्हणायची, "इकडंच ये गं. आपल्या डॉक्टरीणबाईंच्या हातानं तुझ्या भावाचा जन्म झालाय." तिचं चुकत नव्हतं. बाळंतिणीला आईच्या हाताखाली जो आराम मिळतो तो कुठल्याही डिलक्स खोलीत मिळत नाही.

पण आईच्या मायेबरोबरच त्या गावात काय सोय आहे तेही बघा. तुमच्या माहेरी रात्री सिझर होतं का, रक्त मिळतं का, बाळाला पेटीत ठेवायची वेळ आली तर जिल्ह्याच्या ठिकाणी जायला किती वेळ लागतो? उत्तरं समाधानाची असतील तर जरूर जा. नसतील तर आईला पुण्याला बोलवा. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर पुण्यातही होते, आणि मालिशला येणाऱ्या मावशी इथे प्रत्येक भागात मिळतात.

माझं म्हणणं एवढंच की पाचव्या महिन्यापर्यंत हे पक्कं करा. माहेरी जायचं असेल तर प्रवास कधी करायचा ते डॉक्टरांना विचारा. डोहाळजेवण उरकून नवव्या महिन्यात एसटीनं निघायचं, असं करू नका. शिवाय तिथल्या डॉक्टरांना आधी एकदा तरी दाखवून या. लोंबकळत ठेवलेला निर्णय सगळ्यात वाईट. मग ऐनवेळी ना इथलं धड, ना तिथलं.

पायरी २: आपलं बाळंतपण साधं की जोखमीचं, ते माहीत करून घ्या

पहिली तपासणी बारा आठवड्यांच्या आत व्हायला हवी. त्यासाठी फार शोधाशोध करू नका. घराजवळच्या कोणत्याही पात्र स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉईड, एचआयव्ही, कावीळ बी, लघवी या तपासण्या होतील. ११ ते १३ आठवड्यांत एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी), १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास बाळाचे अवयव बघणारी मोठी सोनोग्राफी, २४ ते २८ आठवड्यांत ग्लुकोज पिऊन साखरेची तपासणी. सोनोग्राफीला जाताना आधार कार्ड न्या, फॉर्म भरावा लागतो. मुलगा की मुलगी हे विचारू नका आणि घरच्यांनाही विचारू देऊ नका. १९९४ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे.

या तपासण्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते: तुम्हाला कसलं हॉस्पिटल लागेल. रक्तदाब वाढलेला, साखर, जुळं, आधीचं सिझर, वार खाली असणं, आधी बाळ वेळेपूर्वी झालेलं किंवा गेलेलं, आईचं वय पस्तिशीच्या पुढे, यांपैकी एखादी गोष्ट असली तर छोट्या हॉस्पिटलचा विचार सोडा आणि एनआयसीयू व रक्ताची सोय असलेलंच ठिकाण बघा. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल (तुमच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध घटक तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) पहिल्याच भेटीत विचारा. ते साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यात देतात. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर ७२ तासांत पुन्हा द्यावं लागतं.

खासगीत दाखवत असाल तरी भागातल्या महापालिकेच्या दवाखान्यात नाव नोंदवा. तिथे माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं. अटीत बसत असाल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. नवीन शहरात आशाताईंशी ओळख होते, हा त्याहून मोठा फायदा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर बायकांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते, हेही लक्षात ठेवा.

पायरी ३: पुण्यात कसली कसली हॉस्पिटलं आहेत ते समजून घ्या

बाहेरून आलेल्याला वाटतं, पुण्यात हॉस्पिटलांची काय कमी! कमी नाहीच, पण सगळी एका मापाची नाहीत.

सरकारी आणि महापालिकेची: ससून हे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, सगळ्या विषयांचे डॉक्टर चोवीस तास असलेलं. पुणे महापालिकेचं मंगळवार पेठेत कमला नेहरू, भवानी पेठेत सोनवणे. औंधला जिल्हा रुग्णालय. पिंपरी-चिंचवडमध्ये संत तुकारामनगरचं वायसीएम, म्हणजे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझरसुद्धा, मोफत आहे. औषधं, तपासण्या, रक्त आणि जेवणही त्यातच आलं. गर्दी असते, नातेवाइकाला रात्री बाकड्यावर बसावं लागतं, बोलणं कधी तुसडं वाटतं. पण अवघड केस हाताळायचा सराव तिथल्या डॉक्टरांना रोजचा असतो. आमच्या सोसायटीतल्या घरकाम करणाऱ्या ताईंचं जुळ्यांचं बाळंतपण सरकारीतच झालं आणि दोन्ही बाळं हसतखेळत घरी आली. "सरकारी म्हणजे नको रे बाबा" असं जे पटकन म्हणतात त्यांनी एकदा आत जाऊन बघावं.

ट्रस्टची मोठी हॉस्पिटलं: रास्ता पेठेतलं केईएम, स्टेशनजवळची जहांगीर आणि रुबी हॉल, एरंडवण्यातलं दीनानाथ मंगेशकर. ही धर्मादाय संस्थांची आहेत, त्यामुळे त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन विचारायचं. लाजायचं काही कारण नाही. तो हक्क आहे.

मग आई-बाळासाठीच काढलेली नवी मोठी हॉस्पिटलं. वाकड, खराडी, बाणेर या पट्ट्यात ती बरीच आहेत. इमारत नवी, सोयी एका छताखाली, बिल त्याच मानानं.

आणि शेवटी दहा-पंधरा खाटांची छोटी प्रसूतिगृहं. माझा पहिला अनुभव तसल्याच एका ठिकाणचा असला तरी मी त्यांना सरसकट वाईट म्हणणार नाही. तिथे एकच डॉक्टर पहिल्या दिवसापासून शेवटच्या टाक्यापर्यंत तुमच्याबरोबर असते, सिस्टर तुम्हाला नावानं ओळखतात. साध्या बाळंतपणाला ते फार छान जमतं. फक्त 'साधं नाही झालं तर?' याचं ठोस उत्तर त्यांच्याकडे हवं: कोणतं हॉस्पिटल, किती मिनिटांवर, गाडी कुणाची, आईलाही सोबत हलवता येईल का. "तशी वेळ येत नाही हो" हे उत्तर नाही.

पायरी ४: डॉक्टर निवडताना

पुण्याची एक पद्धत नव्या माणसाला माहीत नसते. इथे बऱ्याच डॉक्टरांचं स्वतःचं क्लिनिक एका ठिकाणी असतं आणि बाळंतपणं त्या दोन-तीन हॉस्पिटलांत करतात. त्यामुळे डॉक्टर आणि हॉस्पिटल हा जोडनिर्णय आहे. पहिल्याच भेटीत विचारा, "मॅडम, तुम्ही कुठे कुठे डिलिव्हरी करता?" क्लिनिक आवडलं आणि सातव्या महिन्यात कळलं की त्या जिथे जातात ते हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला, असं व्हायला नको.

पदवी बघा: एमएस किंवा एमडी (स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र), डीएनबी किंवा डीजीओ. नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असतो, तो महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत तपासता येतो. मोठं नाव मात्र पुरेसं नसतं. नाव जितकं मोठं तितकी बाहेर रांग लांब, आणि आत तुमच्या वाट्याला चार मिनिटं. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाला डॉक्टर मान वर करून उत्तर देतात का, हे माझ्यासाठी पदवीनंतरचं पहिलं लक्षण.

दुसरा प्रश्न: "तुम्ही नसाल तर कोण येईल?" दिवाळीत, मेच्या सुट्टीत डॉक्टरही गावाला जातात, त्यांनाही घरदार आहे. चांगल्या डॉक्टर सरळ सांगतात, "अमुक मॅडम माझ्या जागी असतात, पुढच्या वेळी त्यांना भेटून घ्या." मग खरंच भेटून घ्या.

तिसरा विषय सिझरचा. यावर घराघरांत नुसत्या अफवा असतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली. देशभरातल्या खासगी हॉस्पिटलांत हे प्रमाण ४७.४ टक्के आणि सरकारीत १४.३ टक्के होतं. इतका फरक बघून शंका यावी हे साहजिक आहे. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा, "तुमच्याकडे पहिलटकरणींमध्ये किती जणींचं सिझर होतं, आणि बहुतेक कोणत्या कारणानं?" आकडा ऐकाच, पण कारणं जास्त लक्ष देऊन ऐका. अवघड केसेस घेणाऱ्या डॉक्टरांचा आकडा मोठा असणारच. "मी सगळ्यांचं नॉर्मलच करते" असं छातीठोक सांगणाऱ्यांची मला तर भीतीच वाटते. वेळेवर केलेलं सिझर जीव वाचवतं, आणि ते करावं लागलं म्हणून कोणत्याही बाईनं मनाला लावून घेऊ नये.

पण मुहूर्त काढून सिझर करून घेऊ नका. भटजींनी दिलेल्या वेळेसाठी बाळाला दोन आठवडे आधी बाहेर काढायचं, हे मला अजिबात पटत नाही. वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवड्यांच्या आधी ठरवून सिझर केलं तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. माझी लेक चार आठवडे आधी आली होती, आपणहून. श्वासासाठी धडपडणारं बाळ कसं दिसतं ते मी पाहिलंय.

विचारण्यासारखं अजून एक: लेबर रूममध्ये आई, बहीण किंवा नवरा थांबू शकतो का. कळा सोसताना आपलं माणूस जवळ असणं ही चैन नाही. काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी पडद्यांची सोय नाही म्हणून नाही म्हणतात. कळांसाठी पाठीत देतात ते वेदनाशामक हवं असेल तर त्यासाठी भूलतज्ज्ञ रात्रीही मिळतात का, तेही विचारा.

पायरी ५: हॉस्पिटल रात्री बघा

ही पायरी कुणी करत नाही आणि हीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

दुसऱ्या वेळी, मला पाचवा महिना असताना, आम्ही दोघं एका हॉस्पिटलात रात्री साडेनऊला गेलो. दिवसा तिथल्या मॅनेजरनं सगळं दाखवलं होतं. रात्री रिसेप्शनवर एकच मुलगा होता. त्याला सांगितलं, "इथे नाव नोंदवायचंय, लेबर रूमच्या सिस्टरना भेटता येईल का?" पाच मिनिटांनी एक पन्नाशीच्या सिस्टर आल्या, साडीचा पदर खोचलेला, हातात स्टीलचा ट्रे. मी विचारलं, "रात्री डॉक्टर कोण असतात?" त्यांनी भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवलं. त्या रात्रीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं, बालरोगतज्ज्ञांचं आणि भूलतज्ज्ञांचं नाव लिहिलेलं होतं. पुढे कंसात 'हॉस्पिटलमध्ये' किंवा 'फोनवर'. बाळाच्या डॉक्टरांपुढे 'हॉस्पिटलमध्ये' होतं. मी तो कागद दोनदा वाचला. मग त्यांनी दारातूनच बाळाचा वॉर्मर दाखवला आणि म्हणाल्या, "कळा वाढल्या की हा आम्ही आधीच तापवून ठेवतो. बाळ आल्यावर तापवत बसलं तर काय उपयोग?" आम्ही तिथेच नाव नोंदवलं.

तर रात्री जा आणि हे विचारून घ्या:

- रात्री हॉस्पिटलात हजर असलेले डॉक्टर कोण? स्त्रीरोगतज्ज्ञ की निवासी डॉक्टर? आपल्या डॉक्टर घरून यायला किती वेळ घेतात?
- तातडीचं सिझर ठरलं तर टेबलावर घ्यायला किती वेळ लागतो? अर्ध्या तासाच्या आत जमलं पाहिजे.
- बाळंतपणाच्या वेळी बालरोगतज्ज्ञ समोर उभे असतात का, की गरज पडली तर बोलावतात?
- एनआयसीयू इथेच आहे का, व्हेंटिलेटरसह? 'टाय-अप आहे' म्हणाले तर कुणाशी आणि किती अंतरावर?
- रक्त कुठून येतं? स्वतःची रक्तपेढी नसेल तर कोणत्या पेढीतून आणि किती वेळात?

रक्ताच्या प्रश्नावर बरेच जण 'असू दे' म्हणतात. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला तर मिनिटांचा हिशेब असतो. रक्त जुळवून हातात पडायला वेळ लागतो, त्यात रहदारी धरा. तुमचा गट दुर्मीळ असेल तर दोन-तीन रक्तदाते आधीच सांगून ठेवा.

दर्शनी भागात रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक लावलंय का ते बघा. नर्सिंग होमच्या नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनं ते बंधनकारक आहे. भिंतीवर एनएबीएचचं (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ) किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं 'मान्यता' प्रमाणपत्र असेल तर चांगलंच. पण प्रमाणपत्र आहे म्हणून वरचे प्रश्न सोडून देऊ नका.

पायरी ६: पैसे

'पॅकेज' हा शब्द ऐकला की त्यात काय नाही ते विचारा. बहुतेक ठिकाणी बाळाचा खर्च, बालरोगतज्ज्ञांची फी, एनआयसीयू, रक्त, जास्तीची औषधं पॅकेजच्या बाहेर असतात. नॉर्मलचं आणि सिझरचं, दोन्हींचं अंदाजपत्रक लेखी घ्या. डिपॉझिट किती आणि ते रात्री भरायचं कसं, हेही.

दुसरं असं की मोठ्या हॉस्पिटलात खोलीचा दर्जा वाढला की नुसतं भाडं वाढत नाही, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा दरही वाढतो. विमा असेल तर ही गोष्ट फार महागात पडते. समजा तुमच्या पॉलिसीत खोलीची मर्यादा रोज ४,००० आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली. विमा कंपनी फक्त रोजचे चार हजार कापून थांबत नाही. डॉक्टरांची फी, थिएटर, नर्सिंग अशा खोलीप्रमाणे बदलणाऱ्या खर्चांतही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्यानं, कपात करू शकते. आमच्या शेजारणीला सुट्टीच्या दिवशी हे कळलं. बाळाला छातीशी धरून ती बिलिंगच्या खिडकीपाशी दोन तास उभी होती.

ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत बाळंतपणासाठी बहुधा वेगळी मर्यादा असते. एचआरला ईमेल करून तो आकडा, खोलीची मर्यादा आणि बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का, हे लेखी मागवा. स्वतः काढलेल्या पॉलिसीत बाळंतपणाला बहुधा नऊ महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे दिवस गेल्यावर घेतलेली पॉलिसी या बाळंतपणाला कामाला येत नाही. पुण्याच्या हद्दीत राहणाऱ्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनी महापालिकेच्या शहरी गरीब योजनेची चौकशी करावी.

पायरी ७: रस्ता आणि कॅलेंडर

हॉस्पिटल किती किलोमीटरवर, यापेक्षा किती मिनिटांवर, ते महत्त्वाचं. हिंजवडीतून संध्याकाळी सातला निघणं आणि पहाटे तीनला निघणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन्ही वेळांना एकदा गाडी काढून जाऊन या. पावसाळ्यातली तारीख असेल तर कोणत्या भुयारी मार्गात पाणी साचतं ते जुन्या रहिवाशांना विचारा.

आणि पुण्यात नवीन असाल तर हे नक्की वाचा. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता मिरवणुकीसाठी बंद असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. आषाढीच्या आधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, एक भवानी पेठेत, एक नाना पेठेत. त्या दिवसांत त्या भागातून गाडी काढणं मुश्कील. अपेक्षित तारीख या दिवसांच्या आगेमागे असेल आणि हॉस्पिटल पेठांत किंवा पेठांपलीकडे असेल, तर कोणत्या रस्त्यानं जायचं हे डॉक्टरांशी बोलून आधी ठरवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, गरोदर बायका आणि नवजात बाळांसाठी १०२. दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत.

कळांची वाट न बघता लगेच निघायचं ते केव्हा, तेही घरच्यांना सांगून ठेवा: रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, झटके. "सकाळपर्यंत बघू" म्हणायचं नाही.

पायरी ८: मन बदललं तर

सातव्या-आठव्या महिन्यातही डॉक्टर बदलता येतात. संकोच नको. तुमचे रिपोर्ट आणि नोंदी तुमच्या आहेत. मागितल्यापासून ७२ तासांत डॉक्टरांनी त्या द्यायच्या असतात. मात्र नवीन ठिकाणी ३४ आठवड्यांच्या आत पोहोचा, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना तुम्हाला ओळखायला दोन-चार भेटी मिळतील. एकाच वेळी तिघा डॉक्टरांकडे फिरत राहू नका. प्रत्येकाला अर्धीच गोष्ट कळते. फाईलच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून नवऱ्याच्या आणि आईच्या फोनवर पाठवून ठेवा. माझ्या पहिल्या रात्री फाईल घरी राहिली होती आणि रक्तगट कुणालाच आठवत नव्हता.

पायरी ९: बाळ आल्यावर

बाळाला पहिल्या तासात छातीशी देतात का, आणि दूध येत नसेल तर शिकवायला कोणी असतं का, हे नाव नोंदवतानाच विचारा. चीक म्हणजे बाळाची पहिली लस. आजेसासूबाई मध चाटवायला निघतील, त्यांना प्रेमानं थांबवा. सिस्टरनी विचारल्याशिवाय बाळाला वरचं दूध पाजायचं नाही, असं नवऱ्यानं किंवा आईनं आधीच सांगून ठेवावं. तुम्ही तेव्हा बोलण्याच्या अवस्थेत नसाल. सुट्टी होण्याआधी बीसीजी, पोलिओ आणि कावीळ बी या लसी झाल्या का ते कार्डावर बघा.

सुट्टीच्या गडबडीत जन्मनोंदणीचा फॉर्म पुढे येतो, त्याकडे नीट बघा. नोंद २१ दिवसांत मोफत होते आणि ती जन्म जिथे झाला तिथल्या कार्यालयात होते, तुम्ही राहता तिथल्या नाही. हॉस्पिटल वाकडला असेल तर पिंपरी-चिंचवड महापालिका, बाणेरला असेल तर पुणे महापालिका, हद्दीबाहेर असेल तर ग्रामपंचायत. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो. बाळाचं नाव बारशानंतर घालता येतं, पण आई-वडिलांची नावं आधार कार्डावरच्या स्पेलिंगप्रमाणे, अक्षर न् अक्षर जुळवून, तिथेच काउंटरवर तपासून घ्या. आमच्या धाकट्याच्या फॉर्ममध्ये माझ्या आडनावातलं एक अक्षर सुटलं होतं. ते सिस्टरच्या लक्षात आलं, त्याच पन्नाशीच्या सिस्टर.